सबवूफर आहे, पण सोफ्यावर बसलं की बेस गिटारचे ई आणि ए सूर गायब

चारतारी

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलाय, पण माहिती अर्धवट दिली की पहिले चार प्रतिसाद "खोली केवढी?" विचारण्यातच जातात. म्हणून सगळं एकदमच लिहिते.

खोली ४.२ मीटर लांब, ३.१ रुंद, छत २.८ वर. पक्क्या भिंती, खाली फरशी, त्यावर एक पातळ गालिचा. समोरच्या आखूड भिंतीशी टीव्ही. त्याच्या दोन्ही बाजूंच्या फळ्यांवर दोन बुकशेल्फ स्पीकर: साडेसहा इंची वूफर (खालचे सूर वाजवणारा कोन), पोर्ट (पेटीतली हवा ये-जा करायचं भोक) पाठीमागे. स्पीकरची पाठ भिंतीपासून जेमतेम चार बोटं. दहा इंची पोर्टवाला सब (सबवूफर, फक्त खालच्या सुरांचा स्पीकर) समोरच्या डाव्या कोपऱ्यात, कारण जागा तिथेच होती. सोफा खोलीच्या अगदी मध्यावर, कारण त्याच्या मागे माझं कामाचं टेबल आहे. रिसीव्हर (सगळ्या स्पीकरना आवाज पुरवणारा ॲम्प) ५.१ चा, म्हणजे पाच स्पीकर आणि एक सब चालवणारा; सध्या वाजतं फक्त २.१, दोन स्पीकर आणि सब.

रिसीव्हरबरोबर आलेला माइक लावून ऑटो सेटअप केला. त्याने स्पीकर 'लार्ज' ठरवले. मग गाण्यांना सब वाजेचना, म्हणून मी सबचा मोड 'एलएफई + मेन' (सिनेमातला खास बेसचा ट्रॅक, शिवाय स्पीकरचेही खालचे सूर) केला. रिसीव्हरमध्ये क्रॉसओव्हर (ज्याच्या खालचे सूर सबकडे जातात ती हद्द) ८० हर्ट्झ, सबच्या पाठीवरचा नॉबही ८० वर. आणखी एक गोष्ट खटकतेय. सब माझ्या जागेपासून टेपने सव्वादोन मीटरवर आहे आणि रिसीव्हर म्हणतो ३.९ मीटर! दुरुस्त करू का? फेजच्या बटणाला अजून हात लावलेला नाही, कारण ते काय करतं तेच कळलेलं नाही.

आता दुखणं. मी बेस गिटार वाजवते, त्यामुळे खालचा सूर चुकला की लगेच कळतं. स्वतःच्या गिटारवर मोकळ्या ई पासून बाराव्या पडद्यापर्यंत एकेक सूर शक्य तितक्या सारख्या जोराने वाजवून रेकॉर्ड केला आणि तीच फाइल सिस्टीमवर लावली. सोफ्यावर बसून ऐकलं तर मोकळी ई एक सप्तक वर चढल्यासारखी वाटते, म्हणजे सूर ओळखू येतो पण खालचं अंग नाही. मधले दोन-चार पडदे बरे. पाचव्या पडद्यावर ए आली की पुन्हा पोकळ. मोकळ्या ए तारेचंही तेच, म्हणजे तारेचा दोष नाही. डी आणि जी ठणठणीत. उठून मागच्या भिंतीशी गेलं की हीच ई इतकी घुमते की टेबलावरचा पेन थरथरतो.

दोघातिघांनी सांगितलं की दहा इंची कमी पडतोय, बारा इंची घे. घेऊ का?

धडामधूम

घ्या की बारा इंची. शंकाच नको. आमच्याकडे पंधरा इंची आहे, काचा वाजतात. तोवर सबचा आवाज पूर्ण वर करून बघा.

मोजपट्टी

बारा इंची घेऊ नका. निदान हा प्रतिसाद वाचून होईपर्यंत तरी.

मापं आणि सुरांची नावं दोन्ही दिलीत, त्यामुळे काम सोपं झालं. आवाजाचा हवेतला वेग सेकंदाला साधारण ३४४ मीटर. त्याचा अर्धा १७२. या १७२ ला खोलीच्या लांबीने भागा: ४.२ ने भागलं की ४१ हर्ट्झ. रुंदीने, ३.१ ने भागलं की साडेपंचावन्न. आता गिटारकडे या. मोकळी ई ४१.२ हर्ट्झ, मोकळी ए ५५. मिस्त्रीने गिटार मांडीवर घेऊन खोली बांधली असावी.

४१ हर्ट्झला तुमच्या खोलीच्या लांबीत नेमकी अर्धी लाट मावते. ती समोरच्या आणि मागच्या भिंतीवर आपटून स्वतःवरच येऊन पडते आणि जागच्या जागी उभी राहते. भिंतींशी हवेचा दाब सगळ्यात जास्त खालीवर होतो, मध्यावर तो जवळजवळ हलतच नाही. कानाला कळतो तो दाब. म्हणून मागच्या भिंतीशी पेन थरथरतो आणि सोफ्यावर काहीच पोचत नाही. ए ची हीच गत रुंदीच्या दिशेने. आणि तुमचा सोफा लांबीच्याही मध्यावर, रुंदीच्याही. दोन्ही खड्डे एकाच जागी.

ई सप्तकभर चढल्यासारखी वाटते म्हणालात, तुमच्या कानाला दाद दिली पाहिजे. तार छेडली की ४१ बरोबर त्याच्या दुपटीचा, ८२ चा सूरही निघतोच. ८२ ला खोलीत पूर्ण लाट मावते आणि तिचा जोर भिंतींशी असतो तसा मध्यावरही असतो. मूळ सूर पुसला गेला आणि वरचा फुगला, मग कान त्याला वरची ई म्हणणारच. ए चं रुंदीत हेच होतं: ५५ गेला, ११० उरला. डी ७३ ची आणि जी ९८ ची, त्या या दोन खड्ड्यांत सापडत नाहीत.

या अवस्थेत सबचा आवाज पूर्ण वर केला तर मागच्या भिंतीशी उभं राहणाऱ्याची चैन होईल. सोफ्यावर खड्डा तसाच राहील, फक्त आजूबाजूचे सूर चढतील. बारा इंचीनेही तेच होईल, कारण खोली तीच आणि सोफाही तिथेच.

लोकांच्या घरी सिस्टीम बसवून देणं हा माझा धंदा आहे. नवीन माणूस पहिला प्रश्न विचारतो "किती वॅट?" सोफा कुठे ठेवू, असं विचारणारा मला फार क्वचित भेटतो. तर आधी सोफा.

तुमचे कान (सोफ्याची पाठ नव्हे, कान) मागच्या भिंतीपासून १.६ मीटरवर येतील असा सोफा मागे घ्या. टेबलाचं काय करायचं ते तुम्ही बघा. हे लांबीच्या साधारण ३८ टक्के होतात. या धंद्यात तो आकडा सुरुवात म्हणून वापरतात, कारण तिथे ना ४१ चा पूर्ण खड्डा लागतो ना ८२ चा. हौसेने आणखी मागे सरकून १.०५ वर बसलात तर ८२ चा खड्डा लागेल, आणि थेट भिंतीला टेकलात तर सगळंच फुगेल. रुंदीत मात्र मध्यावरच राहा. ए साठी बाजूला सरकलात तर दोन स्पीकर आणि तुमचा त्रिकोण मोडेल आणि गाणाऱ्याचा आवाज एका स्पीकरला जाऊन चिकटेल. ए चं आपण सबच्या जागेवरून बघू.

सबची जागा शोधायला डोकं लागत नाही, गुडघे लागतात. सब उचलून सोफ्यावर ठेवा, तुम्ही बसता तिथे. स्पीकर बंद करा. तुमची ती पडद्यांची फाइल पुन्हा पुन्हा वाजत ठेवा आणि भिंतीकडेने रांगत फिरा, कान जमिनीपासून सबच्या उंचीवर. लाटांच्या बाबतीत वाजणारा आणि ऐकणारा यांनी जागा बदलल्या तरी हिशेब तोच येतो. म्हणून जिथे तुम्हाला ई, ए, डी, जी सगळ्यात सारख्या ऐकू येतील तिथे सब ठेवायचा. सगळ्यात मोठा आवाज जिथे येतो ती जागा घेऊ नका. ती बहुतेक कोपरा असते, आणि कोपरा खोलीतली प्रत्येक उभी लाट जोरात चेतवतो.

सेटिंग त्यानंतर. स्पीकर 'स्मॉल' करा. लार्ज-स्मॉलचा पेटीच्या आकाराशी किंवा तुमच्या इज्जतीशी संबंध नाही. 'स्मॉल' म्हणजे या स्पीकरचे खालचे सूर सबकडे पाठव, एवढाच निरोप. ते केलं की 'एलएफई + मेन' ची गरज उरत नाही, नुसतं 'एलएफई' ठेवा. आत्ता तेच खालचे सूर सबही वाजवतोय आणि स्पीकरही, दोघं वेगवेगळ्या जागेवरून. काही सुरांवर ते एकमेकांना खातात. क्रॉसओव्हर रिसीव्हरमध्ये ८० ठीक आहे. सबच्या पाठीवरचा नॉब मात्र पार शेवटपर्यंत फिरवा, किंवा 'एलएफई'/'बायपास' अशी खूण असेल तर तिथे. दोन्हीकडे ८० ठेवलं की एकच काप दोनदा बसतो आणि ८० च्या आसपास सब लवकर गळतो.

३.९ मीटरला हात लावू नका. सबच्या आतल्या इलेक्ट्रॉनिक्समुळे आवाज थोडा उशिरा निघतो, आणि रिसीव्हर तो उशीरही अंतराच्या भाषेतच लिहितो. एक मीटर म्हणजे सुमारे २.९ मिलिसेकंद. तुमच्या टेपशी त्याचा १.६५ मीटरचा फरक आहे, म्हणजे पावणेपाच मिलिसेकंदांच्या आसपास. माइकने बरोबर ऐकलंय.

फेजबद्दल जागा ठरल्यावर सांगतो. आत्ता फिरवून उपयोग नाही.

आडवातिडवा

इतकी सामानाची हलवाहलव कशाला? आजकाल रिसीव्हरमध्ये रूम करेक्शन (खोलीचे दोष आपोआप भरून काढायची सोय) असतं, सबसाठी वेगळा ईक्यू (ठरावीक सूर कमी-जास्त करायची सोय) मिळतो. ४१ आणि ५५ ला दहा-दहा डेसिबल वाढवा, झालं काम.

मोजपट्टी

@आडवातिडवा, दहा डेसिबल म्हणजे दहापट वॅट. शंभर वॅट लागत होते तिथे हजार. दहा इंची सबला तेवढं मागितलं की कोन आपटायला लागतो. आणि एवढं करून हातात काय? मध्यावर लाट स्वतःलाच खोडते आहे. तुम्ही दुप्पट घातलंत तर ती दुप्पट खोडते.

ईक्यू उंचवटे छाटायला उत्तम, त्यासाठी मीही वापरतो. खड्डे त्याने भरू नयेत. सोफा सरकवायला वीजही लागत नाही.

दुहेरी

मोजपट्टी यांच्याशी सहमत. पैसे घालायचेच असतील तर एक मोठा घेण्यापेक्षा आहे तसाच दुसरा घ्या, असं सुचवेन. हार्मन या ऑडिओ कंपनीच्या टॉड वेल्टी यांनी २००२ मध्ये ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीपुढे यावरच अभ्यास मांडला होता: चौकोनी खोलीत सब किती हवेत आणि कुठे. समोरासमोरच्या दोन भिंतींच्या मध्यावर एकेक असे दोन सब ठेवले तरी वेगवेगळ्या खुर्च्यांवरचा फरक बराच कमी होतो. चार भिंतींच्या मध्यावर चार ठेवले तर आणखी बरं. त्यापुढे वाढवून हाती फारसं लागत नाही.

अर्थात खोलीत एकच माणूस एकाच जागी बसून ऐकणार असेल तर एक सब नीट ठेवूनही भागतं. घरातले पाचजण ओळीने बसत असतील तर दुसऱ्याचा विचार करा.

चारतारी

सर्वांचे आभार! ऐकणारी मी एकटीच, त्यामुळे दुसरा सब सध्या नको.

टेबल बाजूच्या भिंतीला लावलं, सोफा मागे घेतला, कान १.६ वर. एवढ्यानेच, सब अजून कोपऱ्यातच असताना, ई खाली उतरली. पूर्ण भरली नाही पण आता ती ई आहे.

मग रांगणं. घरच्यांनी व्हिडिओ काढलाय, तो इथे टाकणार नाही. कोपऱ्यात कान नेला की ई आणि ए दोन्ही धावून येतात आणि डी बिचारी मागे पडते. समोरच्या भिंतीच्या मध्यावर ई चांगली, ए पातळ. सगळ्यात सारखं कुठे आलं सांगू? सोफ्याच्या उजव्या हाताला, बाजूच्या भिंतीशी, माझ्या खांद्याच्या रेषेपेक्षा किंचित मागे. तिथे ठेवला. ए अजूनही ई पेक्षा थोडी हलकी आहे, पण पोकळ नाही. आणि आवाज आधीपेक्षा बराच कमी ठेवूनही पुरतो.

माइक पुन्हा फिरवला. टेपने १.२ मीटर, रिसीव्हर म्हणतो २.८५. फरक पुन्हा १.६५! आता विश्वास बसला.

तीन प्रश्न उरलेत. एक, फेज. दोन, सब नव्या जागी नेल्यावर तिथल्या सॉकेटला लावला तर काही न वाजवताही गुंऽऽ अशी बारीक गुणगुण येते, आधी येत नव्हती. तीन, सब शेजारीच असल्यामुळे एखाद्या गाण्यात "आवाज उजवीकडून येतोय" असं जाणवतं. हे मनाचे खेळ की खरं?

मोजपट्टी

झकास. बाजूची जागा बघून आश्चर्य वाटलं नाही. सब कानाजवळ आला की त्याचा थेट आवाज भिंतींवरून येणाऱ्याच्या मानाने वरचढ होतो, म्हणून कमी आवाजात भागतं आणि खोलीही कमी चेतते.

गुणगुण आधी, कारण ती चटकन मिटते. सब आणि रिसीव्हर आता दोन वेगळ्या सॉकेटांवर आहेत. दोघांच्या अर्थिंगमध्ये किंचित फरक असतो आणि तो आरसीए केबलच्या (रिसीव्हरकडून सबला सिग्नल नेणाऱ्या वायरीच्या) जाळीतून फिरायला लागतो. विजेची ५० हर्ट्झची गुणगुण (काही देशांत ६०) तिथून आत शिरते. सबची वायर एक्स्टेन्शनने रिसीव्हरच्याच बोर्डवर न्या, बहुतेक जाईल. कुणी अर्थिंगची पिन काढून टाका असं सुचवेल, हमखास सुचवतात. ती काढायची नाही. ती जिवासाठी असते. बोर्ड एक करूनही राहिली तर सबच्या सिग्नल केबलमध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (सिग्नल जाऊ देणारा, पण तारांची थेट जोडणी तोडणारा) बसवता येतो.

उजवीकडून येतंय हे खरं असू शकतं. ८० च्या खालच्या सुराची दिशा कानाला सहसा कळत नाही, पण सबमधून ८० च्या वरचंही थोडं गळतंच, कारण क्रॉसओव्हर उताराने कापतो, सुरीने नाही. क्रॉसओव्हर ७० किंवा ६० करून पाहा, तुमचे साडेसहा इंची तेवढं झेलतील. शिवाय सबजवळ काय काय थरथरतंय ते हाताने चाचपा: टेबलाचा ड्रॉवर, फोटोची चौकट. पुष्कळदा कान सबला नाही, खडखडणाऱ्या ड्रॉवरला पकडतो. तुम्ही टेबल बाजूच्या भिंतीला लावलंय म्हणालात, म्हणून माझा संशय त्याच्यावरच आहे.

आता फेज. क्रॉसओव्हर कितीवर ठेवायचा ते ठरवा, त्याच वारंवारतेचा सलग टोन लावा, स्पीकर आणि सब दोन्ही चालू. तुम्ही जागेवर बसा, दुसऱ्या कुणाला तरी बटण ० आणि १८० मध्ये हलवायला सांगा. ज्यात टोन मोठा येतो ते बरोबर. मोठा येतो म्हणजे दोघं एकाच वेळी हवा ढकलताहेत. फिरवायचा नॉब असेल तर हळूहळू फिरवून सगळ्यात मोठी जागा शोधा. त्याआधी दोन्ही स्पीकरच्या वायरी तपासा, लाल लालला आणि काळी काळीला. एकाची उलटी असेल तर दोन स्पीकरच एकमेकांचा बेस खातील आणि फेज लावण्यात अर्थ राहणार नाही.

स्पीकर फळीवरून अजून काढले नसतील तर तेही करा. पाठीमागे पोर्ट आहे, त्याला वीतभर तरी मोकळीक हवी. ट्वीटर (वरच्या सुरांचा छोटा कोन) तुम्ही बसल्यावर कानाच्या उंचीवर. दोन स्पीकरमध्ये जेवढं अंतर तेवढंच प्रत्येकाचं तुमच्यापासून, आणि तोंडं किंचित आत वळवलेली.

चारतारी

ड्रॉवरच! आत सुट्टी किल्ली होती. 🙂 क्रॉसओव्हर ८० लाच ठेवला. बोर्ड एक केल्यावर गुणगुण गेली. फेज १८० वर टोन स्पष्ट मोठा आला. स्पीकर स्टँडवर घेतले, वायरी सरळ होत्या.

शेवटचं एकच. रात्री आवाज कमी करून ऐकलं की बेस पुन्हा पातळ वाटतो. दिवसा तीच फाइल भरलेली. आता खोलीला दोष देता येणार नाही ना?

मोजपट्टी

नाही, आता दोष कानाचा, आणि तो सगळ्यांचा सारखाच. आवाज कमी केला की खालचे सूर मधल्या सुरांपेक्षा जास्त वेगाने कानातून उतरतात. बेल लॅबच्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये याच्या रेषा काढून ठेवल्यात. जुन्या ॲम्पवर 'लाउडनेस' नावाचं बटण असायचं ते यासाठीच होतं.

तुमच्या रिसीव्हरमध्ये 'डायनॅमिक ईक्यू' किंवा त्या नावाच्या जवळपासचं काही असेल तर रात्री चालू करा, ते आवाजाच्या पातळीप्रमाणे बेस उचलतं. नसेल तर रिसीव्हरमधल्या सबच्या लेव्हलला तीन-चार डेसिबल चढवा. सबच्या पाठीवरचा व्हॉल्यूम हलवू नका, नाहीतर ऑटो सेटअपने लावलेली पातळी बिघडेल आणि माइक पुन्हा काढावा लागेल. दिवसाचा आकडा लिहून ठेवा म्हणजे सकाळी तिथेच परत आणता येईल.